डोमाजीचा तबला चुकला नव्हता

मूल गावच्या बाजारापासून थोडं आत एक राइस मिल आहे. तिच्या मागच्या अंगाला पूर्वी पोती ठेवायची एक खोली होती, तीच आता माझा स्टुडिओ. स्टुडिओ म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं मला ठाऊक नाही. माझ्याकडे एक कॉम्प्युटर, दोन माइक, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या आणि कोंड्याचा वास एवढंच आहे. मिल सुरू असली की भिंत थरथरते, मग रेकॉर्डिंग होत नाही. लाइट गेली की मिल बंद पडते, पण तेव्हा कॉम्प्युटरही बंद पडायचा. शेवटी इन्व्हर्टर घेतला, तेव्हा कुठं धंदा सुरू झाला. अजूनही गिऱ्हाइकं लाइट जायची वाट पाहतात आणि मला फोन करून विचारतात, "मास्तर, गेली का?"

मास्तर म्हणजे पेटीमास्तर. माझं उभं आयुष्य झाडीपट्टीच्या नाटकांत पायपेटी वाजवण्यात गेलं. झाडीपट्टी म्हणजे आमचा हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळी झाली, धान घरात आलं, की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. वडशाच्या नाटक कंपन्या गाड्या भरून निघतात, त्या होळीपर्यंत फिरतात. वाजवणाऱ्यांची जागा रंगमंचासमोर, ऐन पब्लिकच्या पुढ्यात. तिथं चूक लपत नाही आणि चांगलं वाजलेलंही लपत नाही. मी तिथं बसून म्हातारा झालो.

मग गुडघे गेले, पायपेटीचा भाता मारणं जमेना, म्हणून पायपेटी विकून कीबोर्ड घेतला आणि कीबोर्डच्या पाठोपाठ कॉम्प्युटर घरात आला. साठीच्या उंबरठ्यावर मी माऊस धरायला शिकलो. पहिले काही महिने तो माऊस माझ्या हातातून इतका निसटायचा की बायको म्हणायची, मांजर पाळा. पण शिकलो. आमच्या पिढीतल्या वाजवणाऱ्यांत मी एकटाच शिकलो, म्हणून बाकीचे सगळे माझ्याकडे यायला लागले.

रेकॉर्डिंग म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगतो. पूर्वी सगळे एकत्र बसून वाजवायचे. आता प्रत्येकजण एकेकटा येतो. आधी मी कॉम्प्युटरमध्ये एक टिकटिक लावतो, घड्याळासारखी, पण गाण्याच्या लयीत. तिच्यावर पेटी वाजवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तबलजी येतो, कानाला हेडफोन लावून माझी पेटी आणि ती टिकटिक ऐकत तबला वाजवतो. सगळ्यात शेवटी गाणारा येतो. म्हणजे ज्याच्यासाठी एवढं सगळं करायचं तो शेवटी, आणि बाकीचे त्याचं तोंडही न पाहता वाजवून मोकळे. जुन्या माणसाला हे पटत नाही, आणि खरं सांगू, मलाही अजून पटलेलं नाही.

एकदा एक भजन मंडळ आलं. मंडळी म्हणाली, कान झाकून देवाचं नाव घ्यायचं नसतं, हेडफोन लावणार नाही. बरं. मग त्यांनी सोबत आणलेला देवाचा फोटो कोपऱ्यात मांडला, उदबत्ती लावली, आणि सगळे फोटोकडे तोंड आणि माइककडे पाठ करून बसले. कसंबसं त्यांना वळवलं. एका अभंगात मधेच कोणीतरी खोकलं. मी म्हटलं, एवढं पुन्हा म्हणा, खोकला काढून टाकतो. त्यावर बुवा म्हणाले, "राहू द्या मास्तर. तो रोज तिथीच खोकलते. काढला तं गावात कोणी हे आपलं भजन हाय म्हनणार नाई." तो खोकला अजून त्यात आहे.

धानोऱ्याकडून एक गोंड आजी आल्या होत्या. त्यांच्या गावचे शाळामास्तर त्यांना हौसेनं घेऊन आले होते. बसस्टँडवर आजी सुरेख गात होत्या म्हणे, माइकसमोर मात्र तोंड उघडेना. बसून गायची सवयच नव्हती, हाताला काम असलं तरच गाणं यायचं. मी मिलमधून सूप आणि थोडे तांदूळ आणून दिले. आजींनी पाखडायला घेतलं आणि गाणं सुरू झालं. त्या रेकॉर्डिंगमध्ये सुपाचा आवाज गाण्यापेक्षा मोठा आहे, पण मला ते आवडतं.

असे किस्से सांगायला बसलो तर अख्खा दिवाळी अंक भरेल. पण या वर्षी लिहायला बसलो तो डोमाजीसाठी.

डोमाजी आमच्या कंपनीचा तबलजी, माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा. गाव मूलच्या पलीकडे, तळ्याच्या काठाला. सीजन नसला की तळ्यात जाळं टाकायचा, सीजन आला की तबला काढायचा. बोलणं मोजकं. आम्ही दोघं आणि कुसुमबाई, असं आमचं त्रिकूट पूर्ण झाडीत माहीत होतं. कुसुमबाई गाणारी. आधी नायिका करायची, मग नायिकेची आई करायला लागली, पण गाणं तिचंच. तिला वन्स मोर मिळाला की दुसऱ्या वेळी ती शेवटच्या ओळीआधी एक आलाप घ्यायची आणि पब्लिकच्या टाळ्या येईपर्यंत तो सोडायची नाही. किती वेळ, ते तिलाही ठाऊक नसायचं. तेवढा वेळ डोमाजी हलक्या हातानं ठेका धरून तिच्याकडे बघत थांबायचा. ती त्याच्याकडे बघायची. तिची हनुवटी खाली आली की याची थाप समेवर पडायचीच. हे गाणं ऐकायला लोक दुसऱ्या गावाहून ट्रॅक्टर भरून यायचे.

मग कंपनीचे मालक प्रल्हादजी एक दिवस स्टुडिओवर आले. माणूस वाईट नव्हे. शेजारच्या कंपनीनं सगळी गाणी रेकॉर्डवर नेली होती, वाजवणाऱ्यांची गाडीच बंद केली होती, आणि पब्लिकनं काही तक्रार केली नव्हती. म्हणाले, "मास्तर, आपुनबी करून घेऊ. पेटी-तबला सगळं रेकॉर्ड. कुसुमबाई वरून गाईन. तुमी समोर लॅपटॉप घेऊन बसा, बटन दाबा."

मी म्हटलं, "अन् डोमाभाऊ?"

"त्याच्याच हातचं रेकॉर्ड करा न. नाव त्याचंच राहीन."

डोमाजी आला. मिलला त्या दिवशी सुट्टी होती. तबला मांडला, हातोडी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "तुमीच लावा मास्तर, माहं मनगट दुखते." दोन-तीन वर्षांपासून तो तबला सुरात लावायचं काम मला सांगत होता. मला वाटायचं, माझ्या कानाचा मान राखतो. मी फुशारून लावून द्यायचो.

पहिलं गाणं सोपं होतं. त्यानं हेडफोन लावले, मी सुरू केलं. सुरुवातीच्या थापा बरोबर पडल्या, मग हळूहळू तबला मागे पडायला लागला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मला वाटलं टिकटिक कमी पडते, वाढवली. तरी मागेच. आणखी वाढवली. आता ती टिकटिक हेडफोनच्या बाहेर मला ऐकू यायला लागली, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. एवढा आवाज कानात घुसला तर माणूस हेडफोन फेकून देईल. डोमाजी शांतपणे वाजवत होता.

मी बंद केलं. तो वाजवतच राहिला. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा थांबला.

माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "दोन सीजन झाले. डावा तं कवाचाच गेला, आता उजव्यातबी थोडंसंच येते."

स्टेजवरचा स्पीकरचा मोठा बॉक्स वर्षानुवर्षं त्याच्या कानाशी लागलेला असायचा. आम्ही सगळे त्याच आवाजात बसलो, पण त्याची जागा सगळ्यात जवळ. मी एका कागदावर लिहून विचारलं, मग इतके दिवस वाजवतोस कसं? तो म्हणाला, "कुसुमबाईचा गळा पाह्यतो. तुमचा पाय पाह्यतो, भात्यावरचा. अन् पाटावर थरथर येते न खालून. तेवढं पुरते मले." पायपेटी गेल्यावरही कीबोर्ड वाजवताना मी भाता मारल्यासारखा पायानं लय धरायचो, ती सवय गेली नव्हती. तीच त्याला उपयोगी पडत होती, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी म्हटलं, कानाची मशीन घे. मोठ्या आवाजात, त्याच्या तोंडासमोर.

"पाह्यली घेऊन. गडचिरोलीच्या दवाखान्यात लावून दिली होती. बॉक्सजवळ बसलं का कुईं करते. अन् पब्लिकले दिसते. मास्तर, कोणाले सांगू नोका. कान गेला म्हटलं तं लोकं म्हनतीन हात गेला. मंग कोन बलावन मले?"

एवढीच त्याची भीती होती. ऐकू न येण्याचं त्याला फार दुःख नव्हतं. त्याच्या बायकोला, पारबताबाईला, माहीत होतं. ती बोलण्याआधी त्याच्या खांद्याला हात लावायची. गावाला मात्र वाटायचं, डोमाजी नाव झाल्यापासून चढला, हाक मारली तरी वळून बघत नाही. तेही त्यानं चालवून घेतलं होतं.

मी प्रल्हादजींना सांगणार होतो की दुसरा तबलजी बघा, याला वेळ नाही. तेवढ्यात डोमाजीचं लक्ष कॉम्प्युटरच्या पडद्याकडे गेलं. त्यावर माझ्या पेटीच्या आवाजाचे उंचवटे दिसत होते, आणि त्यांच्याखाली त्यानं मघाशी वाजवलेल्या थापांचे. आवाज झाला की उंचवटा, शांतता असली की नुसती रेघ. गाणं सुरू असलं की एक उभी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत जाते.

"हे का होय?"

"हा तुझा हात."

तो जवळ सरकला. एक-एक उंचवटा बोटानं दाखवत तोंडानं बोल म्हणायला लागला, आणि त्याचे बोल बरोबर होते. मग म्हणाला, "ही उभी रेघ इथी आली का थाप पायजे, असंच न? लावा पुन्हा. आवाज बंदच ठेवा. टिकटिकीचं काम नाई."

तळ्यात गळ टाकून बसलेला माणूस पाण्यावर तरंगणाऱ्या भेंडाकडे बघतो, तसा तो त्या रेघेकडे बघत बसला. दोन-तीनदा चुकला. नंतर जे वाजलं ते मी आजही लावून ऐकतो. कुठं घाई नाही, कुठं मागे नाही, आणि तरी ते यंत्रासारखंही नाही. मला रडू आलं. त्यानं ते बघितलं आणि उगाच हातोडीशी चाळा करत बसला.

कॉम्प्युटरमध्ये एक सोय असते. एखादी थाप पुढे-मागे पडली की माऊसनं धरून जागेवर आणून ठेवता येते, ऐकणाऱ्याला काही कळत नाही. माझी पेटी मी अशी जागोजागी सरळ करून घेतली, बोटं आता अडखळतात. डोमाजीच्याही एक-दोन थापा इकडेतिकडे होत्या. मी म्हटलं, राहू दे, मी ओढून घेतो. कसं ओढतात तेही करून दाखवलं.

तो तडकला. "मंग मले कायले बलावलं? तुमीच वाजवा माऊसनं. जे चुकलं ते पुसा, मी पुन्हा वाजवतो."

पुसलं. त्यानं पुन्हा वाजवलं. सगळ्या नाटकाची गाणी अशीच झाली. प्रल्हादजी ऐकायला आले तेव्हा ऐकून होईस्तोवर मान डोलवत होते. जाताना म्हणाले, "आता डोमाभाऊले गाडीत कायले हलवायचं या वयात? काम तं झालंच."

बोलले ते मला, पण डोमाजी त्यांच्या ओठांकडे बघत होता. ते गेल्यावर म्हणाला, "पाह्यलं मास्तर? कानानं नाई गेली माही जागा. हातानं गेली."

त्या सीजनला मी लॅपटॉप घेऊन एकटा समोर बसायला लागलो. ज्या जागी तबला असायचा तिथं एक टेबलफॅन ठेवला होता, लॅपटॉप तापतो म्हणून. कुसुमबाईचे पहिले काही प्रयोग वाईट गेले. तिला तबल्याकडे बघायची सवय, आणि तिथं पंखा फिरत होता. मग ती मनात आकडे मोजून गायला शिकली. वन्स मोर आला तरी मी तेच रेकॉर्ड पुन्हा लावायचो, त्यात शेवटच्या ओळीआधी नुसत्या ठेक्याची ठरलेली जागा होती, आणि ती मोजून तेवढाच आलाप घ्यायची. प्रल्हादजींनी तिला दोनदा बजावलं होतं, "बाई, रेकॉर्डसंगं चाला. नाई जमत तं पुढच्या साली पोरगी पाहू. गळाबी रेकॉर्ड करून घेतला का तोंड हालवणारी कोनीबी चालते." कुसुमबाईला वडशात एक भाड्याची खोली होती आणि नाटक होतं, तिसरं काही नव्हतं. ती गाडीत आमच्याशी बोलेनाशी झाली. सतत ओठ हलवत मोजत असायची.

मंडईत आमचं नाटक डोमाजीच्या गावाला लागलं. गावानं मोठ्या मानानं त्याला पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची दिली. नाटकाच्या आधी माइकवरून सांगितलं, आजचं संगीत आपल्या डोमाभाऊच्या हातचं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या त्याला दिसल्या, आणि त्यानं उठून हात जोडले.

नाटक नुकतंच लागलं होतं. पहिलंच गाणं कुसुमबाईचं, सासरी निघालेल्या मुलीच्या आईचं. छान झालं. वन्स मोरचा गलका उठला, गावच त्याचं, उठणारच. मी रेकॉर्ड पुन्हा लावलं. शेवटच्या ओळीआधी कुसुमबाईनं आलाप घेतला, आणि सवयीनं तिची नजर समोर आली. समोर पंख्याच्या मागे, पहिल्या रांगेत, डोमाजी बसला होता.

ती मोजायची विसरली. इतक्या वर्षांची नजर, ती तिथंच थांबली. आलाप लांबत गेला. डोमाजीचे डोळे तिच्या गळ्यावर होते आणि त्याचे हात मांडीवर ठेका धरून होते. आवाज नाही, पण ठेका पक्का. दोघं जुन्या ठिकाणी जाऊन पोचली होती. रेकॉर्ड मात्र कोणासाठी थांबत नाही. तबला समेवर येऊन गेला, माझी पेटी शेवटची ओळ वाजवून गेली, आणि कुसुमबाई अजून आलापातच. रेकॉर्ड मधेच बंद केलं असतं तर सगळा मांडवच मुका झाला असता, म्हणून माझं बोट नुसतं बटणावर राहिलं. तिची हनुवटी खाली आली, डोमाजीची थाप मांडीवर पडली, आणि बॉक्समधून भलतंच काही वाजत होतं.

पब्लिक हसलं. मागून शिट्ट्या आल्या. कोणीतरी ओरडलं, "बाई म्हातारी झाली, घरी पाठवा!" कुसुमबाई तिथंच उभी, तोंडाला पदर. विंगेत प्रल्हादजी उभे होते आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. तो बघून मला कळलं की हा तिचा शेवटचा प्रयोग.

डोमाजीला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. पण त्यानं तिचा चेहरा पाहिला, वळून पब्लिककडे पाहिलं, मग विंगेकडे पाहिलं. आणि तो उठला. खुर्ची बाजूला सारून पब्लिककडे तोंड करून उभा राहिला.

"बाई नाई चुकली," तो मोठ्यानं म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं फारच मोठ्यानं. "तबला चुकला. रेकॉर्डिंगच्या टायमाले माह्या हात घसरला होता. माहीच चूक हाय. बाईले हासू नोका."

शिट्ट्या थांबल्या. मग कोणीतरी म्हणालं, "बस बस डोमाभाऊ, होते कवाकवा." मी घाईघाईनं पुढचं संगीत लावलं आणि नाटक पुढे सरकलं. प्रल्हादजी नंतर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "त्या गाण्यात तबला चुकला हाय तं दुरुस्त करून घ्या." कुसुमबाईला काही बोलले नाहीत. ती अजून कंपनीत आहे.

मी डोमाजीला विचारलं, असं काऊन केलं? तो म्हणाला, "तिले कोन हाय?"

त्यानंतर त्याला कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या कंपन्यांचं सोडा, ज्या गावच्या भजनात तो आयुष्यभर वाजवत आला तिथंही दुसरा तबलजी बसायला लागला. कुणी वाईट बोललं नाही. "भाऊले आता त्रास कायले द्यायचा," एवढंच म्हणायचे. मी भेटायला गेलो की तो तळ्याच्या पाळीवर जाळं विणत बसलेला असायचा. एकदा हसून म्हणाला, "पाहा मास्तर, कान गेला हे अजून कोणाले समजलं नाई." 

या पावसाळ्यात तो गेला. ताप आला, अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. तेरवीला त्याच्याच गावच्या मंडळाचं भजन होतं. भजन संपल्यावर पत्रावळी मांडेपर्यंत चार माणसं बोलत बसली होती. टाळ वाजवणारा एकजण म्हणाला, "मानूस देवमानूस. पन शेवटी हात गेला होता बिचाऱ्याचा. भर मंडईत कबूल केलं त्यानं."

पारबताबाई बाजूलाच वाढायची भांडी काढत होती. ती उभी राहिली. "हात नोता गेला," म्हणाली. "कान गेला होता. सांगा न मास्तर, तुमाले माहीत हाय."

मी सांगितलं. कान कधी गेला, पडद्यावरची रेघ बघून त्यानं कसं वाजवलं, मंडईत प्रत्यक्षात काय झालं, सगळं. लोक ऐकत होते. मग एकमेकांकडे बघायला लागले. कान गेलेला माणूस समेवर कसा येईल, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. म्हणून मी मोबाइल काढला आणि तेच गाणं लावलं. नुसती माझी पेटी आणि त्याचा तबला. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकवलं. कुठंही हात घसरलेला नाही.

मंडळाच्या बुवांनी डोळे मिटून ऐकलं. मान डोलावली. "वा," म्हणाले. "एकदम बरोबर हाय." आणि मग समजुतीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पन मास्तर, हे तं तुमी मंगून मशीननं सरळ केलं असन. आजकाल सगळंच करता येते न."

मी म्हटलं, नाही केलं.

"तुमी तं म्हनानच. दोस्त होता तुमचा."

पारबताबाई पुन्हा भांडी घ्यायला वाकली. पंगत बसली, आणि मीही त्या पंगतीत बसलो. बुवांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सरळ करता येतं, हे खरंच आहे. त्या गाण्यातली माझी पेटी मी जागोजागी सरळ केलेली आहे. डोमाजीच्या तबल्याला मी हात लावलेला नाही. पण रेकॉर्डिंग ऐकवून आता काहीच सिद्ध होत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं.